प्रबंध मुलीचा, वेळ घराचा

बकरी ईदनंतरच्या रविवारी मिरजेला आपाच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. जेवणे आटोपली, दस्तरखान उचलले गेले आणि विषय निघाला तो भाचीच्या शिक्षणाचा. तिची बी.ए.ची तीन वर्षे संपली होती. सहाव्या सत्राचा निकाल यायचा होता, पण आधीच्या पाच सत्रांचे गुण पाहता 75 टक्क्यांची अट ती सहज पार करणार हे दिसत होते. तिच्या कॉलेजात यंदापासून पदवीचे चौथे वर्ष सुरू होत आहे आणि तिला ते संशोधनासह करायचे होते.

दुल्हाभाई म्हणाले, "डिग्री तर हातात आली. आता आणखी एक वर्ष कशाला? इचलकरंजीचे लोक चांगले आहेत, थांबायला तयार आहेत. पण किती थांबतील?"

भाची म्हणाली, "अब्बा, एकच वर्ष. पुढच्या बकरी ईदच्या आत सगळे संपेल."

"आणि नाही संपले तर?"

यावर कोणीच बोलले नाही. भाचीने आमच्याकडे पाहिले. आम्ही शिक्षक, तेव्हा उत्तर आम्ही द्यावे अशी तिची अपेक्षा असणार. पण दुल्हाभाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. परीक्षेचा पेपर ठरल्या तारखेला येतो आणि तीन तासांत संपतो, आपली तयारी असो वा नसो. प्रबंधाचे तसे नाही. तो लांबतो. "अजून थोडेच राहिले आहे" असे म्हणत म्हणत सत्र निघून जाते आणि मग घरातले म्हणतात, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" मुलीच्या बाबतीत एक सत्र लांबणे म्हणजे अनेकदा शिक्षणच थांबणे.

त्या दिवशी आम्ही दुल्हाभाईंना एवढेच म्हणालो, "पंधरा दिवस द्या. तारखांसकट कागदावर लिहून आणतो. पटले तर हो म्हणा." तो कागद कसा तयार झाला आणि त्यात काय आहे, ते या लेखात सांगतो आहोत. कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत हाच प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणार आहे.

चौथे वर्ष म्हणजे नेमके काय?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांतही घेता येते आणि चार वर्षांतही. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत हे धोरण 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून पदवीला लागू झाले. म्हणजे पहिल्या गटातील मुले 2026-27 मध्ये आणि दुसऱ्या गटातील 2027-28 मध्ये चौथ्या वर्षात येतात. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केले तर 'ऑनर्स' पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के किंवा अधिक गुण असतील, तर 'संशोधनासह ऑनर्स' करता येते. त्यात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध असतो.

याचा फायदा काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान 75 टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला एम.ए. किंवा एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते. ज्या घरांना शिक्षणाचे प्रत्येक वर्ष मोजून द्यावे लागते, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. मात्र संशोधनाची सोय सगळ्याच महाविद्यालयांत नसते. विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक असावे लागतात. तेव्हा तिसऱ्या वर्षातच कॉलेजात जाऊन चौकशी करावी.

परदेशात ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिण्याची परंपरा मोठी आहे. तिथल्या वेंडी कॉप या विद्यार्थिनीने 1989 साली आपल्या प्रबंधात एक कल्पना मांडली : चांगल्या पदवीधरांनी दोन वर्षे गरीब वस्त्यांतील शाळांत शिकवावे. त्यातून पुढे 'टीच फॉर अमेरिका' ही संस्था उभी राहिली. त्याच धर्तीवरची 'टीच फॉर इंडिया' 2009 पासून मुंबई-पुण्याच्या शाळांतही काम करते आहे. प्रत्येक प्रबंधातून संस्था उभी राहत नाही, पण पदवीच्या मुलीने लिहिलेले काही पाने कुणाच्या तरी उपयोगी पडू शकतात, हे लक्षात ठेवावे.

आमची फजिती

दुसऱ्याला सल्ला देण्याआधी स्वतःचे सांगणे बरे. वीसेक वर्षांपूर्वी बी.एड. करताना आम्हाला कृतिसंशोधन करायचे होते. विषय घेतला उर्दू माध्यमातील मुलांच्या मराठी लेखनातील चुकांचा. विषय चांगला होता, आमच्या मनाजोगता होता. पण तारखा ठरवल्या नाहीत. आधी रमजान आला, मग ईद, मग भावाचे लग्न, मग सराव पाठ. रोज वाटायचे, डोक्यात सगळे तयार आहे, फक्त उतरवायचे बाकी आहे. शेवटी ते उतरवले तीन रात्रींत. चाचणीच्या उत्तरपत्रिकांतील निम्म्या सापडल्या नाहीत, म्हणून तक्ता आठवणीने भरला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तक्त्यावर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, "वर्गात मुले 38, मग उत्तरे 41 कशी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तीर्ण झालो, पण ती वही आजही कपाटात आहे आणि काढून पाहावीशी वाटत नाही. त्या मुलांनी खरोखर काय चुका केल्या होत्या, त्या का केल्या होत्या, हे आम्हाला त्या वर्षी कळू शकले असते. पुढच्या वीस वर्षांच्या शिकवण्यात ते उपयोगी पडले असते. उशीर केल्याने गुण गेले त्याचे दुःख नाही. जे समजायचे होते ते समजले नाही, याचे आहे.

विषय मुठीत मावेल एवढा

भाचीचा विषय समाजशास्त्र. तिचे दादा, म्हणजे दुल्हाभाईंचे वडील, तंबोरे बनवत. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर प्रसिद्ध आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून एकोणिसाव्या शतकात ही परंपरा इथे सुरू झाली असे मानतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे येतात, त्यांचे तुंबे होतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

साहजिकच भाचीने पहिल्यांदा शीर्षक लिहिले : 'मिरजेतील तंतुवाद्य उद्योग : इतिहास, वर्तमान आणि भवितव्य'. तिच्या गाईड मॅडमनी ते वाचून विचारले, "हे तू एका वर्षात करणार की दहा वर्षांत?"

हीच पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक असते. मुलांना वाटते, विषय मोठा असला म्हणजे काम मोठे दिसेल. प्रत्यक्षात मोठा विषय संपत नाही. दोन आठवडे चर्चा करून भाचीने एक प्रश्न तयार केला : ज्या घरात आजोबा वाद्ये बनवत होते, त्या घरातील किती नातवंडे आज तेच काम करतात, आणि जी करत नाहीत ती का? त्यासाठी 16 कुटुंबे. बस्स.

आमचा अनुभव असा की विषय योग्य आकाराचा झाला आहे की नाही, हे तपासायला तीन प्रश्न पुरतात. तो एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह सांगता येतो का? त्याचे उत्तर देऊ शकणारी माणसे किंवा कागदपत्रे आपल्या घरापासून बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहेत का? आणि आपल्या दादीला तो समजावून सांगितला तर तिला कळतो का? तिन्हींचे उत्तर 'हो' आले की विषय पक्का करावा आणि मग बदलू नये.

कॅलेंडर शेवटाकडून वाचा

प्रवाशाला गाडी दहाची गाठायची असेल तर तो 'सहाला उठून काय काय करता येईल' असा विचार करत नाही. दहाला गाडी, म्हणजे साडेनऊला स्टेशन, म्हणजे नऊला घराबाहेर, असा मागे येत हिशेब करतो. प्रबंधाचाही तसाच करावा.

भाचीच्या कॉलेजने प्रबंध सादर करण्यासाठी एप्रिलच्या मध्याची तारीख सांगितली आहे. आम्ही 15 एप्रिल 2027 धरली. मग भिंतीवरचे कॅलेंडर आणि हिजरी तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. कॉलेजच्या वेळापत्रकात न दिसणारी गोष्ट तेव्हाच दिसली. 2027 चा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो आणि ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येते. चांद दिसण्यावर एक दिवस इकडे-तिकडे. म्हणजे इतर मुले ज्या महिन्यात सर्वांत जास्त लिहीत असतील, तो आमच्या मुलीचा रोज्यांचा महिना. सहरीला उठणे, दिवसभर कॉलेज, संध्याकाळी इफ्तारची तयारी, रात्री तरावीह. त्या महिन्यात रोज चार तास लिहीन असे ठरवणे म्हणजे स्वतःला फसवणे.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2028 साली तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. ज्यांची मुले तेव्हा चौथ्या वर्षात असतील त्यांनी आजच हे लिहून ठेवावे. रमजान ही अडचण नव्हे. तो कधी येणार हे माहीत असूनही त्याच्याप्रमाणे आखणी न करणे ही अडचण आहे.

असा मागे येत येत जो कागद तयार झाला तो असा :

जुलै आणि ऑगस्ट : विषय पक्का करणे, वाचन, मुलाखतीचे प्रश्न तयार करणे आणि एक चाचणी मुलाखत घेऊन ते तपासणे.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर : 16 मुलाखती. आठवड्याला दोन, म्हणजे आठ आठवडे. 8 नोव्हेंबरच्या दिवाळीच्या आत सर्व मुलाखती पूर्ण.

नोव्हेंबरच्या मध्यापासून रमजानपर्यंत : सुमारे 12 आठवडे. त्यातील तीन सातव्या सत्राच्या परीक्षेचे आणि एक आजारपण, पाहुणे यांच्यासाठी राखीव. उरले आठ. गाईड मॅडमनी प्रबंध सुमारे 12,000 शब्दांचा सांगितला आहे. आठवड्याला 1,500, म्हणजे पाच दिवस रोज 300 शब्द. वहीचे दीड-दोन पान. एवढे कोणालाही जमते.

रमजान : कच्चा मसुदा गाईड मॅडमकडे वाचायला. या महिन्यात नवे काही लिहायचे नाही. फजरनंतर एक तास फक्त संदर्भसूची, तक्ते, नकाशा आणि परिशिष्टे.

ईदनंतरचे पाच आठवडे : मॅडमच्या सूचनांप्रमाणे दुरुस्ती, शुद्धलेखन, साम्य तपासणी, छपाई आणि बांधणी. प्रत 10 एप्रिलला हातात. बाइंडिंगच्या दुकानात शेवटच्या आठवड्यात रांग असते, म्हणून हे पाच दिवस आधीच राखले आहेत.

या कागदात एक हिशेब मुलांच्या नेहमी लक्षात राहत नाही, तो वेगळा सांगतो. मुलाखत फोनवर रेकॉर्ड करणे सोपे, पण ती ऐकून शब्दशः उतरवायला एका तासाच्या बोलण्यामागे चार-पाच तास लागतात. 16 मुलाखती, प्रत्येकी 40 मिनिटे धरली तर साधारण पावणेअकरा तासांचे बोलणे होते. ते उतरवायला सुमारे 50 तास लागणार. हे सगळे दिवाळीनंतर करायचे ठरवले तर पूर्ण महिना त्यातच जाईल. म्हणून नियम असा : मुलाखत घेतली की पुढची घेण्याआधी ती उतरवून पूर्ण करायची. रोज एक तास. शिवाय चार दिवसांत उतरवली तर बोलणाऱ्याचा चेहराही आठवत असतो. चार महिन्यांनी फक्त आवाज उरतो.

आधी काळे करा, मग पांढरे

मराठीत आपण 'मसुदा' म्हणतो तो शब्द अरबीतून, उर्दू-फारसीमार्गे आला. त्याच्या मुळाशी काळेपणाचा अर्थ आहे. मसुदा म्हणजे शाईने काळा झालेला, खाडाखोड केलेला कागद. आणि स्वच्छ उतरवलेल्या प्रतीला उर्दूत 'मुबय्यज़ा' म्हणतात, त्याच्या मुळाशी पांढरेपणा आहे. जुन्या लिहिणाऱ्यांना माहीत होते की ही दोन वेगळी कामे आहेत, म्हणून त्यांना दोन वेगळी नावे होती.

आपली मुले दोन्ही कामे एकदम करायला जातात. पहिले वाक्य सुंदर झाल्याशिवाय दुसरे लिहीत नाहीत. तीन दिवसांत एक परिच्छेद होतो, मग मन खट्टू होते आणि लॅपटॉप बंद. इब्न खल्दून यांनी आपला जगप्रसिद्ध 'मुकद्दमा' 1377 साली एका दूरच्या किल्ल्यात राहून अवघ्या पाच महिन्यांत लिहिला. पण नंतर अनेक वर्षे ते त्यात दुरुस्त्या आणि भर घालत राहिले. पाच महिन्यांत जे झाले तो मसुदा होता. एवढ्या मोठ्या विद्वानाने आधी काळे केले आणि मग पांढरे, तर बी.ए.च्या मुलीने पहिल्या दिवशीच पांढरे करण्याचा हट्ट का धरावा?

भाचीला आम्ही सांगितले आहे की रोजचे 300 शब्द वाईट असले तरी चालतील, पण रोज झाले पाहिजेत. आणि सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नये. प्रस्तावना सर्वांत अवघड, कारण आपण काय सांगणार आहोत ते अजून आपल्यालाच माहीत नसते. आधी 'मी काम कसे केले' हे प्रकरण लिहावे. ते सोपे असते आणि हात मोकळा होतो. प्रस्तावना सर्वांत शेवटी.

गाईडना भेटण्याचाही नियम असावा. दर पंधरा दिवसांनी भेट, आणि प्रत्येक वेळी हातात एक पान : काय झाले, कुठे अडले, पुढच्या पंधरा दिवसांत काय करणार. काम झाले नाही म्हणून भेट टाळणारी मुले हमखास मागे पडतात. काम झाले नसेल तेव्हाच भेटीची गरज जास्त असते.

सनद सांभाळा

संदर्भ का द्यायचा, हे आपल्या मुलांना समजावणे अवघड नाही. हदीसच्या विद्वानांनी प्रत्येक रिवायतीबरोबर तिची सनद नोंदवली : हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले. सनद तुटलेली असेल तर मजकूर कितीही चांगला वाटला तरी ती रिवायत कमकुवत मानली गेली. संशोधनातील संदर्भ म्हणजे हीच शिस्त. हे मी कुठून घेतले, कोणत्या पुस्तकातून, कोणत्या पानावरून.

त्यामुळे वाचतानाच पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशन, साल आणि पान क्रमांक वहीत उतरवावा. ज्यांनी हे केले नाही त्यांना मार्चमध्ये एका पान क्रमांकासाठी अख्खा दिवस ग्रंथालयात घालवताना आम्ही पाहिले आहे. साहित्य मिळवणे आता सोपे झाले आहे. देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर मोफत वाचता येतात. जिल्हा गॅझेटियर आणि 2011 च्या जनगणनेचे आकडेही घरबसल्या मिळतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे खर्डेकर ग्रंथालय आहे. तिथे जाण्यासाठी भाचीने ऑगस्टमधील दोन दिवस राखले होते.

उचलून लिहिण्याचा मोह मात्र टाळावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के साम्य निघाले तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावे लागते. 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादरच करता येत नाही. 60 टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. म्हणजे वेळ वाचवण्यासाठी केलेली नक्कलच सर्वांत जास्त वेळ खाते. संगणकाकडून प्रबंध लिहून घेण्याचेही तेच. तोंडी परीक्षेत समोर बसलेल्या सरांनी तक्त्यावर बोट ठेवले की उत्तर आपल्यालाच द्यायचे असते. ते 41 उत्तरांचे दुखणे आम्हाला ठाऊक आहे.

आणि मुलाखत ही अमानत आहे. बोलणाऱ्याला आधी सांगावे की हे कशासाठी आहे, त्याची परवानगी घ्यावी, नाव नको म्हणाला तर लिहू नये. काम करण्याच्या जागी पुरुष बोलतात, पण कोणत्या मुलाला शाळेतून कधी आणि का काढले, हे घरातील बायांना जास्त माहीत असते. त्यांच्यापर्यंत एखादा मुलगा पोहोचू शकत नाही, भाची सहज पोहोचते. तिची ही जमेची बाजू आहे.

घराने काय द्यायचे?

आता खरा मुद्दा. वरचे सगळे मुलीने केले, तरी घराने साथ दिली नाही तर प्रबंध वेळेवर होत नाही. आमच्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला आम्ही घरच्यांची कामे लिहिली होती. दुल्हाभाईंनी ती बाजू दोनदा वाचली.

एक, फजरनंतरचे दोन तास तिचे. त्या वेळात तिला चहा करायला, भावाचा डबा भरायला हाक मारायची नाही. दोन, एक टेबल. त्यावर दुसऱ्या कोणी काही ठेवायचे नाही. तीन, लॅपटॉप भावासोबत सामायिक आहे, तर कोणाला कधी हे लिहून ठेवायचे. चार, डिसेंबरमध्ये नात्यातले लग्न आहे, तिला तीन दिवस न्यायचे, दहा दिवस नाही. पाच, प्रवास, झेरॉक्स आणि बाइंडिंगसाठी दरमहा थोडी रक्कम वेगळी काढायची. सहा, रमजानमध्ये इफ्तारची अर्धी कामे भावाने करायची. फळे कापायला आणि सरबत करायला मुलाचे हात झिजत नाहीत. सात, "किती राहिले?" हे रोज विचारायचे नाही. आठवड्यातून एकदा, जुम्माला, तिने स्वतः सांगायचे.

आणि भाचीसाठी दोन ओळी : रोजचे लिखाण पेन ड्राइव्हवर आणि स्वतःच्या ईमेलवर, दोन्हीकडे ठेवायचे. आणि मागे पडलीस तर लपवायचे नाही, त्याच जुम्माला सांगायचे.

मुलाच्या बाबतीतही हेच. संध्याकाळी दुकानात किंवा गॅरेजमध्ये काम करून शिकणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना दिवसाचे दोन तास मिळाले तरी वरचा हिशेब बसतो. पण ते दोन तास ठरलेले हवेत. "वेळ मिळेल तेव्हा" मिळणारा वेळ कधीच मिळत नाही.

पहिली मुलाखत

दुल्हाभाईंनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि इचलकरंजीला फोन लावला. पुढच्या बकरी ईदनंतर बोलू, असे सांगितले. समोरच्यांनी होकार दिला.

चाचणी मुलाखत कोणाची घ्यायची हा प्रश्न ऑगस्टमध्ये आला, तेव्हा भाची म्हणाली, "अब्बा, तुमचीच घेते." दुल्हाभाई आधी हसले. कारागिराच्या घरातले, पण गेली पंचवीस वर्षे सांगलीत एका दुकानात हिशेब लिहितात. तिने फोन मध्ये ठेवला आणि कागदावरचा पाचवा प्रश्न विचारला : तुम्ही वडिलांचे काम का सोडले?

आपा सांगत होती, ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले की सोडले नाही, अब्बांनीच हातातून पटाशी काढून घेतली. एका वर्षी सहा तंबोरे तयार होऊन घरात पडून होते, घेणारा येत नव्हता. तेव्हा अब्बा म्हणाले, तू शिक, हिशेब शिक, हे माझ्यापाशी थांबू दे. घरात कोणालाच हे माहीत नव्हते. आपालाही नाही. 40 मिनिटांची मुलाखत सव्वा तास चालली.

गाईड मॅडमनी सांगितले की स्वतःच्या वडिलांची मुलाखत 16 मध्ये मोजू नकोस, पण चाचणी म्हणून ठेव आणि प्रबंधात तसे स्पष्ट लिही. भाची ती चार दिवसांत उतरवून मोकळी झाली. सव्वा तासाच्या बोलण्याला सहा तास लागले. हिशेब बरोबर आहे.

हा लेख लिहीपर्यंत 16 पैकी तीन मुलाखती झाल्या आहेत. ठरल्याप्रमाणे चार व्हायला हव्या होत्या. एक कारागीर गावाला गेले होते. भाचीने ते जुम्माला सांगितले आणि या आठवड्यात तीन घ्यायचे ठरवले. तिसऱ्या घरी दुल्हाभाई स्वतः तिला घेऊन जाणार आहेत. इन्शाअल्लाह, एप्रिलमध्ये प्रत हातात आली की पहिली त्यांच्याच हातात द्यायची, असे ठरले आहे.